मीठफुटी जमीन : आणखी कायदे हवेत का?

सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णा-पंचगंगेचा काठ म्हणजे उसाचे आगर. याच पट्ट्यात शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत हजारो एकर काळी जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली आहे. उसाच्या जागी लव्हाळा माजला आहे. माती वाचवण्यासाठी शेतकऱ्यावर आणखी नियम घालावेत का, हा प्रश्न इथे अगदी खरा आहे.

जमीन खारवते कशी?

भारी काळ्या मातीतून पाणी सावकाश झिरपते. उसाला पाटाने मोकाट पाणी दिले आणि ओढे-नाले बुजले, की भूजल मुळांपर्यंत चढते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वर साचतात आणि पांढरा थर दिसू लागतो.

दोन दुखणी, दोन उपाय

क्षारयुक्त जमिनीचा सामू ८.५ च्या आत असतो, पण विरघळणारे क्षार जास्त असतात. निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने ते धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो आणि सामू ८.५ च्या वर जातो. तिथे जिप्सम, शेणखत आणि ताग-धैंचासारखे हिरवळीचे खत लागते. म्हणून आधी माती परीक्षण हवे. निचरा मात्र दोन्हीकडे लागतोच.

बांधापलीकडचा प्रश्न

निचऱ्यासाठी उघडे चर काढतात किंवा साधारण एक ते दीड मीटर खोल सच्छिद्र पाइप पुरतात. हे पाणी ओढ्याला सोडावे लागते आणि ओढा बहुधा इतरांच्या शेतांपलीकडे असतो. मधल्या एकाने नकार दिला की वरच्या सगळ्यांचे काम अडते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि मोठ्या क्षेत्रावर भूमिगत निचरा केला. जमीन सुधारते ती अशी गटाने.

आजचे कायदे काय सांगतात?

मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार शेतातील पृष्ठभागावरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला, तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. जमीन सुधारणा योजनांचा १९४२ चा कायदा मृदसंधारणाची कामे गटाने करण्याची वाट देतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातील कलम १४(४) म्हणते, अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला कालव्याचे पाणी हवे असेल तर ठिबक, तुषार किंवा तशी पाणी वाचवणारी पद्धत वापरावी. पण त्याचा रोख कालव्यांवर आहे आणि नदीकाठचा बराच ऊस उपसा योजनांवर पिकतो.

नवा नियम कुठे हवा?

तीन ठिकाणी.

पहिले, भूमिगत निचऱ्याची वाट. शेजारच्या रानातून पाइप नेण्याचा हक्क, पिकाची भरपाई आणि तहसीलदारांच्या निर्णयाची मुदत, तिन्ही गोष्टी एकाच नियमात स्पष्ट असाव्यात.

दुसरे, उपसा योजनांचे पाणी. एकरावर पाणीपट्टी आकारली की पाणी मोजून वापरण्याचे कारणच उरत नाही. घनमापनाने पाणी द्यावे आणि ठिबकसाठीचे अनुदान वेळेवर मिळावे.

तिसरे, ओढे-नाले. त्यांची मोजणी करून गावनकाशावरची हद्द कायम करावी आणि बुजवलेले प्रवाह मोकळे करावेत.

कुठे नको?

किती खत टाकायचे, कोणते पीक घ्यायचे, हे दंडाच्या धाकाने ठरवू नये. दोन-तीन एकरवाल्याला नोटीस देऊन त्याच्या जमिनीतले क्षार कमी होणार नाहीत. त्याला माती परीक्षणाचा अहवाल, तो समजावून सांगणारा कृषी सहायक आणि परवडणारे कर्ज हवे.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे. कायद्यांची संख्या वाढवू नका. जिथे एकाच्या पाण्याने दुसऱ्याची जमीन बिघडते, तिथे नियम कडक करा आणि तिथेच सरकारचा पैसाही घाला. बांधाच्या आतली माती सांभाळायला शेतकरी समर्थ आहे, बांधापलीकडची वाट मोकळी करणे हे शासनाचे काम आहे.