मोडची परीक्षा

‘जीएनयू ईमॅक्स’ हा एडिटर प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेसाठी वेगळा ‘मोड’ वापरतो. कोणता शब्द कोणत्या रंगात दाखवायचा, ओळ किती आत सरकवायची, हे मोड ठरवतो. पायथॉनमध्ये तर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बदलली की प्रोग्रॅमचा अर्थच बदलू शकतो.

मोडमधली एक दुरुस्ती दुसरीकडे बिघाड करू शकते. म्हणून ईमॅक्ससोबत ‘ईआरटी’ हे चाचणीचे साधन येते. चाचणी तात्पुरत्या बफरमध्ये, म्हणजे एडिटरमधल्या मजकुराच्या जागेत, नमुना कोड टाकते, मोड सुरू करते, ओळी मांडून घेते आणि तयार झालेला मजकूर अपेक्षित मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहते. खिडकी न उघडता अशा शेकडो चाचण्या एका आज्ञेत चालतात.

सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी एक चाचणी लिहावीच. तीच चूक परतली, तर वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी पकडली जाते.