मेंढीच्या अंगावरून शर्टाच्या कॉलरवर

नंदुरबारला लग्नाला निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, हा शर्ट नको. शॅबी दिसतो." शर्ट धुतलेला, इस्त्रीचा, फाटलेला कुठेच नव्हता. फक्त कॉलरच्या घडीवर सूत झिजून दोरे पांढरे पडले होते. पूर्वी अशी कॉलर शिंप्याकडून उलटून घेत आणि शर्ट आणखी दोन वर्षं चाले. मी शर्ट बदलला, शब्द मात्र गाडीभर डोक्यात राहिला.

मराठीत याला म्हणायचं काय? मळकट म्हणावं तर मळ नाही. विटका म्हटलं की नुसता रंग गेला. कळकट म्हटलं की स्वयंपाकघरातली धुराने माखलेली भिंत आठवते. गबाळा तर माणूसच असतो, कोऱ्या कपड्यातही! शॅबीमध्ये वापराने गेलेली कळाही येते आणि तिच्याकडे झालेलं दुर्लक्षही. 'अवकळा आलेला' हे त्यातल्या त्यात जवळचं.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात कपड्याचा नाहीच, कातडीचा आहे. जुन्या इंग्रजीत 'शॅब' म्हणजे खरूज. पुढे बोलीभाषांत ती मेंढ्यांची खरूज झाली. खपलीला म्हणतात तो 'स्कॅब' तिचाच भाऊ. शर्ट आणि स्कर्ट जसे एकाच मुळाचे, तसेच हे. धुळे-नंदुरबारकडच्या ठेलारी मेंढपाळांना हा रोग समजावून सांगायला नको. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे किडे कातडीवर पडतात, मेंढी खोडाला अंग घासत राहते आणि लोकर पुंजक्यांनी गळते. सतराव्या शतकात इंग्रजांनी हाच शब्द झिजल्या कपड्यांना लावला. आपली लूत कुत्र्यापाशीच थांबली.

शॅबी वागणूक म्हणजे मात्र कोतेपणा. तिथे 'जुनाट' लिहिणारे अनुवादक फसतात. थॅकरेने 1840 साली 'शॅबी जंटील' लोकांची गोष्ट लिहिली. ऐपत गेली तरी इभ्रत मिरवणारी ही मंडळी आपल्याला 'बडा घर पोकळ वासा'वरून चांगलीच ठाऊक आहेत. पुढे 1989 मध्ये रेचल अ‍ॅशवेलने कॅलिफोर्नियात 'शॅबी शिक' नावाचं दुकानच काढलं आणि रंग उडालेलं सामान फॅशनमध्ये आलं.

लग्नघरी रात्री पांघरायला गोधडी मिळाली. तीन विटक्या सुती लुगड्यांची, कडेने बारीक धावदोरा, कोपऱ्यावर नवं ठिगळ. मुलीने ती अंगावर ओढत विचारलं, "हीपण शॅबीच ना?"

नाही. हिच्याकडे कुणीतरी अजून लक्ष देतंय.