क्रेटच्या हातगाड्याला पंक्चर न होणारी चाकं : कुणी बसवावीत, कुणी थांबावं

आज फवारणीचा मेसेज नाही, हातगाड्याच्या चाकाबद्दल बोलायचंय.

मागच्या आंबिया बहाराची गोष्ट. आपल्याच एका सभासदाच्या डाळिंबाच्या बागेत तोडणी चालू होती. व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, दिवस मावळायला आलेला आणि आतल्या ओळींत चाळीसेक क्रेट भरून पडलेले. हातगाड्याचं एक चाक सकाळीच बसलं होतं. ते पंक्चर काढून आणलं, तर दुपारी दुसरं बसलं. मग काय, बायकांनी वीस-वीस किलोचे क्रेट डोक्यावर घेतले. मीही चार-पाच वाहिले. एका ताईंचा पाय ठिबकच्या नळीत अडकला आणि त्या क्रेटसकट पडल्या. फळांचं सोडा, त्यांचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

ट्यूब काढून पाहिली तर काटा बाभळीचा नव्हता, डाळिंबाचाच होता. छाटणीच्या फांद्या ओळीतच पडलेल्या. म्हणजे पहिलं काम चाक बदलण्याचं नाही, फांद्या उचलण्याचं. तेल्या असलेल्या बागेतल्या छाटलेल्या फांद्या बागेबाहेर नेऊन नष्ट करा, हे मी दर छाटणीला सांगतो. रोगासाठी करायचंच आहे, चाकं वाचतात हा वरचा फायदा.

तरी काटा पूर्ण संपत नाही. बांधावर बाभूळ आहेच. अशा बागेत पंक्चर न होणारं चाक कामाला येतं. पण दुकानात जाऊन ‘ट्यूबलेस द्या’ म्हणू नका. ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते, हवा असतेच, आणि काट्याने तीही जाते. आपल्याला हवं ते चाक आतून भरलेलं असतं. एक भरीव रबराचं, दुसरं पीयू फोमचं.

इथे माझी एक चूक कबूल करतो. सुरुवातीला मी एका सभासदाला भरीव रबराची चाकं घ्यायला लावली. मजबूत वाटली म्हणून. पंक्चर थांबलं, पण गाडा इतका जड झाला की ओढणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच ओढून दाखवा." ओढला, आणि कळलं. फोमचं चाक त्या मानाने बरंच हलकं असतं. आपल्या कामाला तेच बरं.

मात्र फोम असो की रबर, हवेसारखी उसळी त्यात नसते. दगडावरून गेलं की दणका थेट क्रेटला बसतो. डाळिंब वरून चांगलं दिसतं, आतले दाणे मात्र दबतात आणि नंतर तपकिरी पडतात. तेव्हा गाड्याच्या तळाला जुनी रबरी चटई किंवा पोत्यांची दोन-तीन पदरी घडी टाका, क्रेट काठोकाठ भरू नका आणि चाकोरीतले मोठे दगड आधीच बाजूला करा.

जमिनीचंही बघा. मुरमाड, हलक्या रानात ही चाकं छान चालतात. काळ्या रानात पावसात अरुंद कडक चाक रुततं. तिथे रुंद टायर आणि थोडी कमी हवा हेच सोयीचं. ज्यांचं रान काळं आहे आणि वर्षातून एखाददुसरंच पंक्चर होतं, त्यांनी पैसे घालवू नयेत.

वजनाचा हिशोब असा. सहा क्रेटचे १२० किलो, गाड्याचे तीसेक धरले तर १५० होतात. दोन चाकांवर प्रत्येकी ७५, पण खड्ड्यात एकाच चाकावर जास्त भार येतो. म्हणून एका चाकाची क्षमता १०० किलोच्या वरचीच घ्या. ती चाकावर लिहिलेली नसेल तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

माप चुकलं तर नवं चाक घरात पडून राहतं. बाहेरचा व्यास, रुंदी, आसाची जाडी आणि मधल्या बुशची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, एवढी मापं लागतात. बेअरिंगवर ६२०४ असेल तर आतलं भोक २० मिमीचं, ६२०५ असेल तर २५ मिमीचं. सगळ्यात सोपं म्हणजे जुनं चाकच दुकानात घेऊन जा.

जुन्या स्कूटरची चाकं लावलेले गाडेही आपल्याकडे बरेच आहेत. त्यावर तयार फोमचं चाक सहसा बसत नाही, आस नवीन करून वेल्डिंग करावं लागतं. त्यांनी आधी पंक्चरचं लिक्विड वापरून बघावं, किंवा फाटलेली ट्यूब उभी कापून टायर आणि चांगल्या ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घालावी. लिक्विड बारीक काट्याला चालतं, टायरची कड फाटली असेल तर नाही. आणि एक लक्षात ठेवा. स्कूटरची रिम दोन भागांची असते. हवा पूर्ण काढल्याशिवाय जोडाचे नट सैल करू नका, रिम उडून तोंडावर येते. हवा भरतानाही कॉम्प्रेसर लावून गप्पा मारत बसू नका, एवढासा टायर क्षणात फुटतो. जास्तीत जास्त किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

आपल्या संकलन केंद्रावर फोमची चाकं बसवलेला एक गाडा ठेवला आहे. एक दिवस आपल्या बागेत नेऊन भरलेल्या क्रेटसकट फिरवा. रोज गाडा ओढणाऱ्यालाच ओढू द्या, मालकाने रिकामा ढकलून काही कळत नाही. पसंत पडला तर जुन्या चाकाचा फोटो आणि वरची मापं याच नंबरवर शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. सगळ्यांची मागणी एकत्र करून सोमवारी दुकानदारांकडून दर घेतो आणि चाकं मागवण्याआधी तो तुम्हाला इथेच कळवतो.