मेनच्या आधीं काय घडतें?

सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस प्रारंभींच असें सांगण्यांत येतें कीं, प्रोग्रामाची सुरुवात 'मेन' या फंक्शनापासून होते. हें व्यवहारापुरतें खरें असलें, तरी पूर्ण सत्य नव्हे. मेनची पाळी येण्यापूर्वीं बरीच तयारी गुपचूप होऊन गेलेली असते. आणि प्रोग्रामाचा वेळ कोठें खर्च होतो हें मोजावयाचें असेल, तर मोजणीची व्यवस्थाहि त्याच वेळीं लावावी लागते.

मोजण्याची गरज काय, असें कोणी पालक विचारतील. प्रोग्राम मंद चालूं लागला म्हणजे आपण अंदाजानें एखाद्या भागास दोष देतों व आठवडा खर्चून तोच सुधारीत बसतों. खरा वेळखाऊ भाग मात्र निराळाच असतो. यासाठीं सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल कर्क मॅक्युसिक यांनीं बर्कले येथील विद्यापीठांत 'जीप्रॉफ' नांवाचें साधन सिद्ध केलें व १९८२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

लिनक्सवर 'जीसीसी' कंपायलरास '-पीजी' अशी सूचना दिली, कीं प्रत्येक फंक्शनाच्या तोंडाशीं नोंद घेणारी एक हाक बसविली जाते. शिवाय प्रोग्राम जोडतांना आरंभीं चालणारा नेहमींचा तुकडा काढून मोजणीची सोय असलेला दुसरा तुकडा घातला जातो. प्रोग्रामाच्या आज्ञा स्मृतींत कोठून कोठपर्यंत पसरल्या आहेत, हें हा तुकडा 'मॉनस्टार्टअप' या फंक्शनास कळवितो. तें त्या मानानें नोंदींसाठीं जागा राखतें व घड्याळ चालू करतें. घंटेपूर्वीं हजेरीपट आंखून ठेवावा, तसाच हा प्रकार. येथें एक मौज आहे. प्रोग्रामास जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या तयारींतूनहि हीच हाक येऊं शकते. म्हणून पहिल्या हाकेची खूण ठेवून पुढील हाका निमूटपणें परतविल्या जातात.

घड्याळ सामान्यतः सेकंदास १०० वेळां डोकावून कोणतें फंक्शन चालू आहे तें टिपतें. अर्थात् कोणी कोणास किती वेळां बोलाविलें हा आंकडा मोजलेला, पण वेळाचा आंकडा अंदाजी. क्षणार्धांत आटोपणाऱ्या प्रोग्रामाविषयीं त्यावरून कांहींच म्हणतां येत नाहीं.

समारोपाची तजवीजहि आरंभींच होते. 'अ‍ॅटएक्झिट'द्वारां असें सांगून ठेवलेलें असतें कीं, प्रोग्राम संपतांना सर्व नोंदी 'जीमॉन.आउट' या फाइलींत लिहाव्या. मात्र प्रोग्राम रीतसर संपला पाहिजे. तो मध्येंच ठार केला, तर तासभराची मोजणी व्यर्थ जाते. आणि त्याच जागीं पुन्हा चालविला, तर जुन्या फाइलीवर नवी लिहिली जाते. म्हणून पहिल्या फाइलीचें नांव आधींच बदलून ठेवावें.