सिमेंटच्या पोत्यावरची तीन अक्षरे

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सरकारी बांधकाम चालू असले, मग ती शाळाखोली असो, ग्रामपंचायतीचे कार्यालय असो की पाण्याची टाकी, तिथे सिमेंटची रिकामी पोती दगडाखाली दाबून ठेवलेली दिसतात. पोत्यावर कंपनीच्या नावाखाली लहान टायपात तीन अक्षरे असतात : ओपीसी किंवा पीपीसी. गावातल्या मिस्त्रीला दोन्ही ठाऊक असतात. ‘हे लवकर धरतं, ते उशिरा धरतं,’ एवढे तो सांगतो आणि कामाला लागतो. सरकारी बांधकामातला कार्बन कमी करण्याचे आपल्याकडचे बरेचसे नियम फिरून फिरून या तीन अक्षरांपाशीच येतात. लवकर धरणे आणि उशिरा धरणे या फरकात या जिल्ह्यापुरती मोठी अडचणही दडलेली आहे.

आधी थोडे रसायन. सिमेंटचा मूळ माल म्हणजे चुनखडी. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली, की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू जळणाचा नसून दगडाच्या पोटातला आहे, त्यामुळे भट्टी उद्या निव्वळ सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी तो सुटणारच. त्यात सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, म्हणजे कोळशाचा धूर वेगळा. भट्टीतून जे काळपट गोळे बाहेर पडतात त्यांना क्लिंकर म्हणतात. एक टन क्लिंकरमागे ढोबळमानाने पाऊण ते पाऊणपेक्षा थोडा अधिक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा दगडाचा असतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा भाग सात ते आठ टक्के धरला जातो, आणि सिमेंटच्या उत्पादनात चीनखालोखाल आपलाच देश आहे.

ओपीसी म्हणजे साधे पोर्टलंड सिमेंट. ते जवळजवळ सगळे क्लिंकर, त्यात थोडे जिप्सम. पीपीसी, म्हणजे पोझोलाना सिमेंट, यात भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळता येते. हिशेब करून पाहू. एखाद्या बांधकामाला शंभर पोती, म्हणजे पाच टन सिमेंट लागले असे धरा. ओपीसीत ९५ टक्के क्लिंकर, राखेच्या सिमेंटात ६५ टक्के, आणि क्लिंकरच्या टनामागे ०.८५ टन वायू. पहिल्याचे चार टन होतात, दुसऱ्याचे पावणेतीन. नकाशा तोच, मिस्त्री तोच, पोते बदलले की सव्वा टनाचा फरक पडतो.

यावर कुणी म्हणेल, मग सिमेंटच कशाला? माती आहे, दगड आहे, आपले पूर्वज काय सिमेंटच्या घरात राहत होते? हा प्रश्न पुण्यामुंबईच्या परिसंवादात शोभतो. लोहारा-उमरग्याकडे तो विचारताना जरा जपून विचारावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूर, राजेगाव, होळी ही नावे या भागात आजही एका दमात घेतली जात नाहीत. माणसे मेली ती बहुतांश मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदांखाली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण ती असे दोन पाखांची, आणि मध्ये बारीक दगड आणि मातीचे भरण. दोन्ही पाखांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले, की हादऱ्याने भिंतीचे पोट सुटते. वर लाकडी तुळयांवर लादणी आणि तिच्यावर पांढरीच्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी नवी माती पडत गेल्याने हा थर पिढ्यान्‌पिढ्या जाड होत आलेला. उन्हाळ्यात हे घर माठासारखे गार राही. कार्बनच्या हिशेबात तर त्याला तोडच नाही. तेच घर अंगावर आले.

नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी बसली. काँक्रीटचे ठोकळे, सळया, स्लॅब यांची एकसारखी घरे रांगेने उभी राहिली. उन्हाळ्यात ती तापतात हे तिथे राहणारे सांगतातच. तरीही तिथल्या बाईला ‘मातीचे घर पर्यावरणाला चांगले’ हे सांगायला जाणाऱ्याने आधी तिच्या घरातल्या भिंतीवरचे फोटो पाहावेत. माझ्या मते या जिल्ह्यात कार्बनचा कुठलाही नियम सिमेंटच्या विरोधात उभा राहू शकत नाही. त्याला सिमेंटच्या आत शिरूनच काम करावे लागेल. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा आठवला जात नाही. ज्या गावांचे नुकसान कमी होते तिथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण जागच्या जागी झाले : माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, वरून पट्टा बांधणे. जुना दगड आणि जुने लाकूड वापरात राहिले आणि सिमेंट लागले ते थोडे, नेमक्या जागी. त्या वेळी ‘कमी कार्बनचे बांधकाम’ हा शब्दप्रयोग कुणाच्या तोंडी नव्हता, पण आजच्या हिशेबाने त्या कार्यक्रमातला सर्वांत हलका भाग तोच ठरेल.

चुन्याचाही उल्लेख इथेच केला पाहिजे, कारण नळदुर्ग याच जिल्ह्यात आहे. बोरी नदीवरचे तिथले धरण आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधला गेला. काळा दगड आणि चुना एवढ्यावर तो चारशे पावसाळे पाहत उभा आहे. चुन्याची भट्टी नऊशे अंशांच्या आसपास भागते, आणि भिंतीत बसलेला चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. दगडातून गेलेला वायू काही अंशी दगडात परततो. पण चुना मळायला घाणी लागते, धरायला महिने लागतात, आणि मार्चअखेरीस बिल काढायचे असेल तर महिने कुणाजवळ नसतात.

आता नियमांकडे. गंमत अशी की आपल्याकडचा सर्वांत परिणामकारक ‘कार्बन-नियम’ कार्बनसाठी झालेलाच नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने १९९९ मध्ये राखेची अधिसूचना काढली ती औष्णिक केंद्रांबाहेर राखेचे डोंगर साठत होते म्हणून, आणि विटांसाठी शेतातली वरची सुपीक माती खरवडली जात होती म्हणून. तेव्हा नियमाचा घेर केंद्रापासून ५० किलोमीटर होता. पुढे तो शंभर झाला आणि २०१६ मध्ये ३००. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने जुने सगळे गुंडाळून नवे कलम आणले : न वापरलेल्या राखेपोटी वीजकेंद्राला टनामागे हजार रुपये भरपाई, आणि ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते, भराव, इमारती बांधणाऱ्या संस्थांना राख किंवा राखेच्या वस्तू वापरणे बंधनकारक.

धाराशिव जिल्ह्यात स्वतःचे मोठे औष्णिक केंद्र नाही. पण दक्षिणेला सोलापूरजवळ एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे केंद्र आहे, उत्तरेला परळी आहे. ३०० किलोमीटरचे वर्तुळ काढले तर परंड्यापासून उमरग्यापर्यंत सगळा जिल्हा त्यात बसतो. म्हणजे कायद्याच्या नजरेने इथली प्रत्येक सरकारी इमारत राखेच्या घेरात आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गासारख्या कामांना भराव लागतो, आणि फुगणारी-आकसणारी काळी माती भरावाला नको असते. तिथे राख खरोखर सोयीची आहे, फक्त वर मुरमाचे आवरण हवे, नाहीतर उन्हाळ्याच्या वावटळीत ती शेजारच्या रानात जाते. विटांच्या बाबतीत मात्र नियमाला एक फट आहे. राखेच्या वस्तू पर्यायी वस्तूंपेक्षा महाग नसतील तरच सक्ती लागू होते. सोलापूरहून ट्रकने येणारी राखेची वीट आणि गावाच्या शिवारातल्या भट्टीतली लाल वीट यांच्या भावात कोण स्वस्त हे अंतर ठरवते, डिझेल ठरवते, आणि शेवटी गुत्तेदार ठरवतो.

बाकीचे नियम अजून वरच्या मजल्यावर आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने सिमेंटसह चार उद्योगांतल्या कारखान्यांना उत्सर्जन-तीव्रतेची लक्ष्ये लावली. लक्ष्य चुकले तर कार्बनची प्रमाणपत्रे विकत घ्यायची. पोलादासाठी डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाचे वर्गीकरण आले : टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तारे मिळतात, १.६ च्या खाली असेल तर पाच. पण हे सगळे कारखान्याच्या फाटकाच्या आत. फाटकाबाहेर, जिथे जिल्हा परिषदेचा शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, तिथे त्याच्यासमोर दरसूची असते. तिच्यात प्रत्येक बाबीपुढे एकक असते, दर असतो. कार्बनचा रकाना नसतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये कायदा करून सरकारी कामातल्या सळया, पोलाद, काच आणि उष्णतारोधक लोकर यांना उत्सर्जनाची मर्यादा घातली. काँक्रीट मात्र त्या यादीत नव्हते. ज्या वस्तूत सर्वांत जास्त कार्बन, तीच सर्वांत अवघड, कारण काँक्रीट कारखान्यात तयार होऊन येत नाही. ते प्रत्येक जागी नव्याने कालवले जाते. न्यूयॉर्क राज्याने नंतर काँक्रीटसाठी घनमापाची मर्यादा आणली, पण तिथे ते तयार काँक्रीटच्या गाडीतून येते आणि गाडीबरोबर कागद येतो. आपल्या वाडीवर पाटीने कालवलेल्या काँक्रीटचा कागद कोण देणार?

आणि आता मिस्त्रीच्या वाक्याकडे परत. राखेचे सिमेंट उशिरा धरते. राख स्वतः पाण्याशी लगेच संयोग पावत नाही. क्लिंकरमधून सुटलेल्या चुन्याशी तिची सावकाश क्रिया होते. ती होईपर्यंत काँक्रीट ओले राहिले पाहिजे. काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगते, राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर अनुक्रमे दहा आणि चौदा. राखेचे सिमेंट नीट भिजले तर पुढे जाऊन ते साध्याच्या बरोबरीला येते, पुष्कळदा जास्त टिकाऊ ठरते, त्याच्यातून पाणी कमी झिरपते. भिजले नाही तर वरचा थर भुकटीसारखा हाताला लागतो आणि आत सळई गंजू लागते.

आपल्याकडे सरकारी कामे कधी होतात हे सर्वांना ठाऊक आहे. निधी उशिरा येतो, मार्चआधी घाईने स्लॅब पडतात, उरलेले काम एप्रिल-मेमध्ये पावसाच्या आत उरकायचे असते. नेमक्या त्याच महिन्यांत भूम, कळंब, वाशी भागातल्या विहिरी तळ दाखवतात आणि गावात टँकर सुरू होतात. ज्या गावात बायका घागरींची रांग लावून उभ्या आहेत, तिथे स्लॅबवर आळी करून चौदा दिवस पाणी साठवायला कोणता सरपंच तयार होईल? दरसूचीत पाणी मारण्याची वेगळी बाब नसते. काँक्रीटच्या दरातच ते ‘सर्व कामासह’ धरलेले असते. सात दिवस मारा की चौदा, गुत्तेदाराला पैसे तेवढेच मिळतात. मग तो चार दिवस मारतो. म्हणजे पोत्यावरची अक्षरे बदलून वाचवलेला सव्वा टन, इमारत पंधरा वर्षांत दुरुस्तीला आली की परत खर्ची पडायला लागतो. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी असते. ओलाव्याला तिथे जागा नाही.

वाळूचेही असेच. राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले आणि सरकारी बांधकामांत सुरुवातीला २० टक्के कृत्रिम वाळूची सक्ती ठेवली. तेरणा-मांजरेच्या उपसलेल्या पात्रांकडे पाहिले तर हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. पण खडीच्या क्रशरची धूळ आणि नीट चाळलेली, धुतलेली कृत्रिम वाळू या दोन वस्तू आहेत. धूळ जास्त झाली की कालवायला पाणी जास्त लागते, पाणी वाढले की ताकद घटते, आणि ताकद राखायला मिस्त्री आणखी अर्धे पोते ओततो. नदी वाचवणाऱ्या नियमाने सिमेंटचा कार्बन वाढवला, असे सहज होऊ शकते, आणि हे दोन्ही हिशेब एका टेबलावर कधी येत नाहीत.

पुढे राखही पुरेशी राहणार नाही. कोळशाची केंद्रे कमी होत जातील तशी ती आटेल. त्यासाठी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट आले आहे, त्याला २०२३ मध्ये भारतीय मानकही मिळाले. त्याला केओलिनाइट जातीची माती लागते. आपल्या काळ्या रानाची माती त्या जातीची नाही. तेव्हा ते पोतेही बाहेरूनच येईल, त्यावर आणखी निराळी अक्षरे असतील, आणि त्यालाही भिजायला पाणी लागेल. सध्यापुरते एक करता येण्यासारखे आहे : राखेचे सिमेंट वापरायचे त्या कामाच्या अंदाजपत्रकात ओली पोती अंथरून चौदा दिवस पाणी मारण्याची, किंवा काँक्रीटवर ओल धरून ठेवणारा लेप देण्याची, स्वतंत्र बाब धरायची आणि तिचे दिवस मोजून पैसे द्यायचे. उन्हाळ्यात ओले गोणपाट आळ्यातल्या पाण्यापेक्षा कमी पाण्यात भागते. आणि शक्य असेल तिथे स्लॅब दिवाळीनंतर टाकायचा, विहिरींना पाणी असताना आणि ऊन उतरलेले असताना.

त्यासाठी निधी मार्चऐवजी ऑक्टोबरात गावात पोचायला हवा.