लाल गोळी आणि नवजाताचे आरोग्य

लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावी गर्भवतीला मिळणारी लोह-फॉलिक आम्लाची लाल गोळी केवळ मातेच्या रक्तवाढीसाठी नसते. गर्भाची प्रत्येक नवी पेशी घडताना फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व लागते. मेंदू व मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही नसते. म्हणून फॉलिक आम्ल आधीपासूनच घ्यावे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात बहुसंख्य गर्भवतींमध्ये ब-१२ ची उणीव आढळली. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी व मांसातून मिळते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस गोळी रोज घ्यावी. चहासोबत मात्र घेऊ नये. ही माहिती नवविवाहितांपर्यंत वेळीच पोहोचविणे हे पंचायत सदस्य व शिक्षकांचे कर्तव्य ठरते.