परदेशी शिकायला गेले म्हणजे देश बुडाला?

परदेशी शिकायला निघालेल्या नेपाळी मुलाला आधी शिक्षण मंत्रालयाचं ‘ना हरकत’ पत्र लागतं. ते दाखवल्याशिवाय बँक फीसाठी परकी चलन देत नाही. २०२२-२३ या एका वर्षात अशी १ लाख १० हजारांवर पत्रं दिली गेली. देशाची लोकसंख्या जेमतेम तीन कोटी. त्यामुळे घबराट समजण्याजोगी आहे, पण तिच्यापोटी काही चुकीचे समजही रुजले आहेत.

‘सगळी हुशार मुलं गेली.’ जायला हुशारीइतकाच पैसा लागतो. ज्याच्या घरी तारण ठेवायला काही नाही, तो कितीही हुशार असला तरी मागेच राहतो. खरा फटका त्यालाच बसतो: बारावीनंतर वर्गमित्र निघून जातात, कॉलेजातल्या जागा ओस पडतात आणि विद्यार्थी नाहीत म्हणून विषयच बंद होतात.

‘ती पैसे पाठवतील.’ नेपाळला बाहेरून येणारा पैसा अफाट आहे, पण तो मुख्यतः आखातात आणि मलेशियात राबणाऱ्या मजुरांचा. शिक्षणापायी पैसा उलट बाहेर जातो. २०२३-२४मध्ये तो सुमारे १२,५०० कोटी नेपाळी रुपये होता.

‘गेला तो गेलाच.’ १९७८ ते २०१९ या काळात चीनमधून ६५ लाख विद्यार्थी बाहेर गेले. शिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी ४२ लाख परतले. मायदेशी प्रयोगशाळा आणि चांगले पगार मिळू लागले, तसा हा ओघ वाढला. नेपाळचे महावीर पुन मात्र यातलं काहीच नसताना परतले. अमेरिकेतल्या नेब्रास्कात शिकून ते म्याग्दी जिल्ह्यातल्या आपल्या नांगी गावी आले, मुलांना शिकवू लागले आणि टीव्हीच्या डिश वापरून, झाडांवर अँटेना बांधून त्यांनी डोंगरातल्या गावांत इंटरनेट पोचवलं. २००७मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण असा माणूस विरळा. त्याच्या भरवशावर देशाचं धोरण आखता येत नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘वाट बंद केली की प्रश्न सुटेल’. २०००नंतर अमेरिकेने परदेशी नर्सेसना जास्त व्हिसा दिले, तेव्हा फिलिपिन्समध्ये नर्सिंगला झुंबड उडाली. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर परदेशी गेलेल्या एका नर्समागे देशात नऊ नव्या नर्सेसना परवाना मिळाला होता. जाण्याच्या आशेने शिकलेल्यांपैकी बहुतेक जण घरीच राहिले. हे साधलं, कारण तिथल्या कॉलेजांनी भराभर जागा वाढवल्या आणि मुलं शिक्षण पुरं करून बाहेर पडली. नेपाळात त्रिभुवन विश्वविद्यालयाच्या परीक्षा आणि निकाल रखडतात, चार वर्षांची पदवी लांबत जाते. पत्राच्या अटी कडक करण्याआधी सरकारने हे वेळापत्रक मार्गी लावावं.